इंजिनाच्या श्वासनळीत तेल येते कुठून? एका काळ्या डागाचा शंभर वर्षांचा इतिहास

(१)
बुलढाणा जिल्ह्यात पत्ता सांगताना आधी एक गोष्ट सांगावी लागते : गाव घाटावरचे की घाटाखालचे. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड घाटाखालचे, बालाघाटच्या अगदी पायथ्याशी. बुऱ्हाणपूरकडून दख्खनच्या पठारावर जाणाऱ्या वाटेवर हा चढ आडवा येत असे, आणि त्यामुळेच या लहान गावाच्या वाट्याला इतिहासातील दोन मोठ्या लढाया आल्या.

(२)
१४३७ मध्ये वऱ्हाडात घुसलेल्या खानदेशच्या नासिरखान फारुकीचा बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने येथे पराभव केला आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला. पुढे १५९०-९१ च्या सुमारास निजामशाहीच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान येथेच भिडले. त्यात जमालखान मारला गेला. १५८२ मध्ये खुदावंतखान महदवी याने बांधलेली देखणी मशीद त्या काळाची साक्ष देत आजही गावात उभी आहे.

(३)
फौजा गेल्या, घाट राहिला. आता त्याची परीक्षा इंजिनांना द्यावी लागते. घाटाखालच्या एखाद्या गॅरेजात गाडी सर्व्हिसिंगला येते, कारागीर एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप काढतो आणि आतून बोट फिरवतो. बोट काळ्या तेलाने माखून बाहेर येते. मालकाचा चेहरा उतरतो, कारण पुढचे वाक्य त्याला ठाऊक असते : ‘टर्बो गेला’, किंवा ‘रिंगा गेल्या, इंजिन बांधावे लागेल.’

(४)
यांपैकी एक निदान खरे असू शकते, दोन्ही खोटी असू शकतात, आणि तो डाग पूर्णपणे निरुपद्रवीही असू शकतो. हवेच्या वाटेत तेल का येते, याचे उत्तर यंत्रशास्त्राइतकेच इतिहासातही आहे. तेथे तेलाची वाफ माणसाने जाणीवपूर्वक आणून सोडली आहे. का, कधी आणि कोणासाठी, याचा हा धागा.

(५)
मूळ अडचण इंजिनाच्या जन्माइतकीच जुनी. सिलिंडरमध्ये इंधन पेटते तेव्हा दाबाखालचा वायू पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टनभोवती रिंगा असतात, तरी त्यांच्या फटींतून थोडा वायू खाली निसटतोच. नव्या कोऱ्या इंजिनातही निसटतो. तो खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, जमतो. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, काजळी आणि उसळत्या तेलाचे सूक्ष्म तुषार मिसळलेले असतात.

(६)
या वायूला वाट दिली नाही तर दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर येते. वाट दिली, पण ताजी हवा आत आली नाही, तर पाण्याची वाफ तेलात मुरते आणि त्याचा चिखल होतो. म्हणजे क्रँककेसला श्वासही हवा आणि उच्छ्वासही. गॅरेजमधला ‘ब्रीदर’ हा शब्द त्यामुळे फार नेमका आहे.

(७)
सुरुवातीच्या मोटारींनी हा प्रश्न सोप्या मार्गाने सोडवला. क्रँककेसला एक नळी जोडून तिचे तोंड गाडीखाली, रस्त्याच्या दिशेने सोडून दिले. गाडी धावू लागली की खालून वाहणारी हवा नळीतला वायू ओढून घेई. गाडी उभी असेल किंवा रांगत असेल, तर मात्र ओढ नसे आणि आत चिखल साचे. वर्दळीच्या रस्त्यांवर प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध तेलाचा एक काळा पट्टा उमटलेला दिसे, त्यात या नळ्यांचा मोठा वाटा होता.

(८)
त्या काळी हवेच्या पाइपात हे तेल सापडण्याचा प्रश्नच नव्हता. ते सरळ रस्त्यावर पडत होते. मात्र एक तेल हवेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेले असे, ते म्हणजे ऑइल बाथ एअर क्लीनरमधले. आत येणारी हवा तेलाच्या पृष्ठभागावर आपटून वळे. धूळ जड असल्याने वळू न शकता तेलात अडके, आणि स्वच्छ झालेली हवा जाळीतून पुढे जाई.

(९)
काळ्या मातीच्या मुलखात हे भांडे वरदान ठरले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढच्या दशकांत विहिरीवरचे ‘ऑइल इंजिन’ आणि पाठोपाठ आलेला ट्रॅक्टर हे शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. उन्हाळ्यातल्या धुळीत असे इंजिन टिकवायचे तर क्लीनरचे भांडे वेळेवर धुणे आणि त्यात खुणेपर्यंतच तेल भरणे आवश्यक असे.

(१०)
‘खुणेपर्यंतच’ या शब्दात निदानाचा पहिला धडा आहे. भांडे खुणेच्या वर भरले, किंवा यंत्र फार तिरके उभे राहिले, तर ते तेल हवेबरोबर थेट इंजिनात ओढले जाई. निळा धूर येई, आणि रिंगा ठणठणीत असताना त्यांच्यावर आळ येई. मोठे काम काढण्यापूर्वी आधी पातळी पाहावी, ही जुन्या कारागिरांची शिस्त अशा अनुभवांतून आली.

(११)
दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने ब्रीदरची दिशा बदलली. रणगाडे आणि जीपगाड्यांना नद्या-ओढे ओलांडावे लागत. गाडीखाली उघडी नळी असेल तर पाणी सरळ क्रँककेसमध्ये शिरणार. म्हणून नळीचे तोंड बंद करून तो वायू एका झडपेद्वारे पुन्हा इंजिनाच्या इनटेकमध्येच सोडण्याची युक्ती वापरात आली. इंजिन हवा ओढते, त्या ओढीनेच स्वतःची क्रँककेस रिकामी करते.

(१२)
विलिस जीपमध्ये ही झडपही होती आणि ऑइल बाथ क्लीनरही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगाव येथे याच विलिस घराण्याच्या जीप जोडायला सुरुवात केली. प्रदूषण हा शब्द मोटारींच्या संदर्भात रुळण्याच्या कितीतरी आधी, नदी ओलांडण्याच्या गरजेतून आलेली ही बंद श्वसनव्यवस्था अशा रीतीने जीपबरोबर इकडच्या रस्त्यांवर येऊन पोहोचली होती.

(१३)
शांततेच्या काळातील मोटारींनी मात्र उघडी नळीच चालू ठेवली. तिला पहिला धक्का लॉस एंजेलिसच्या धुरकट आकाशाने दिला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. १९५० च्या दशकारंभी त्यांनी दाखवून दिले की डोळे झोंबवणारे ते धुरके मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड यांवर ऊन पडून तयार होते.

(१४)
मग शोध सुरू झाला, मोटारीतून हायड्रोकार्बन नेमकी कोठून निघतात याचा. सर्वांचे लक्ष सायलेन्सरकडे होते. प्रत्यक्षात सुमारे पाचवा हिस्सा ते चौथाई वाटा गाडीखालच्या त्या दुर्लक्षित ब्रीदर नळीचा निघाला. सायलेन्सरचा धूर स्वच्छ करणे महाग आणि अवघड होते. ही नळी वळवणे मात्र अगदी स्वस्त होते.

(१५)
१९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींवर आणि १९६३ पर्यंत अमेरिकाभर ही झडप बसू लागली. तिचे नाव पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन, म्हणजेच पीसीव्ही. मोटारीच्या प्रदूषणावर बसवलेले हे पहिले यंत्र. रस्त्यावर पडणारे तेल आणि हवेत मिसळणारा वायू आता इंजिनाच्या तोंडात परत जाऊ लागला. हवेच्या पाइपातील काळ्या डागाची जन्मकथा ती हीच.

(१६)
म्हणून निदानाचा पहिला नियम इतिहासच सांगतो : पाइपात तेलाचा पातळ, दमट थर असणे हा रोग नव्हे. व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालू असल्याची ती खूण आहे. प्रश्न सुरू होतो तो प्रमाणापासून. बोटाला लागणारा थर वेगळा, आणि पाइप वाकवल्यावर धार लागणे किंवा तळाशी तेलाचे डबके साचणे वेगळे.

(१७)
आता पुन्हा घाटात. पेट्रोल गाडी चढ चढते तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडा असतो. सिलिंडरमधला दाब मोठा, म्हणून रिंगांवरून निसटणारा वायू जास्त. पण इनटेकमधली ओढ मात्र जवळजवळ नाहीशी झालेली. पीसीव्ही झडपेला एवढा वायू ओढून नेणे जमत नाही आणि तो ताज्या हवेच्या नळीतून उलटा एअर फिल्टरकडे येतो. फिल्टरवर तेलाचा डाग दिसला तर इंजिनाच्या उच्छ्वासाने आपली वाट बदलली आहे, असे समजावे.

(१८)
उतारावर नेमके उलटे घडते. चालकाने पाय काढलेला, थ्रॉटल बंद, इनटेकमध्ये प्रचंड ओढ. झडपांच्या गाइड आणि सील झिजलेले असतील तर तेल तेथून आत ओढले जाते. म्हणून लांब उतारानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा झोत निघाला, तर जाणता कारागीर रिंगांपेक्षा आधी व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घेतो. चढ आणि उतार या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. घाट त्या एकाच फेरीत करून देतो.

(१९)
रिंगांची परीक्षा मात्र मराठी मुलखातल्या प्रत्येक गॅरेजला ठाऊक आहे. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण सैल करायचे, किंवा ऑइल गेजची पट्टी वर ओढायची. धूर भकभक बाहेर आला, झाकण उडू लागले, की निदान होते : ‘बॅक कम्प्रेशन मारतंय.’ पुस्तकात ज्याला रिंगांवरून निसटणारा वायू म्हणतात, त्याचेच हे देशी नाव. परीक्षा खरी आहे, पण अपुरी. ब्रीदरची वाट किंवा पीसीव्ही झडप काजळीने तुंबली असेल तरीही आतला दाब असाच वाढतो. आधी ती वाट साफ करून पुन्हा पाहावे, आणि मगच कम्प्रेशन गेज लावावा.

(२०)
या कथेत शेवटी आला तो टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची, ही कल्पना. आधी जहाजे, ट्रक आणि विमाने, आणि १९७८ मध्ये मर्सिडीजच्या ३०० एसडी या गाडीने टर्बो डिझेल प्रवासी मोटारीत आले.

(२१)
महाराष्ट्राच्या कारखान्यांनी हे तंत्र घरोघर पोहोचवण्यात मोठा वाटा उचलला. १९९८ च्या अखेरीस पुण्यात बनलेली टाटा इंडिका आली. तिचे पहिले डिझेल इंजिन टर्बोविनाच होते. २००२ मध्ये नाशिकमध्ये तयार होणारी टर्बो डिझेल स्कॉर्पिओ आली. फियाटचे १.३ लिटरचे मल्टीजेट इंजिन रांजणगावातही तयार होऊ लागले आणि इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ असे गमतीने म्हटले जाऊ लागले.

(२२)
टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि इंजिनाच्याच तेलाच्या थरावर तरंगतो. हे तेल हवेच्या बाजूला जाऊ नये म्हणून तेथे रबरी सील नसते; बारीक धातूची रिंग आणि दोन बाजूंच्या दाबातला फरक, एवढ्यावरच सारी भिस्त. वापरून झालेले तेल केवळ स्वतःच्या वजनाने एका जाड नळीतून खाली क्रँककेसमध्ये उतरते.

(२३)
निदानातली सर्वांत महाग चूक येथेच घडते. खालची परतीची नळी तुंबली, किंवा बॅक कम्प्रेशनमुळे क्रँककेसमध्ये दाब वाढला, तर तेलाला उतरायला जागा राहत नाही आणि ते टर्बोतून हवेच्या पाइपात येते. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला तरी पुढे वाढलेली ओढ तेल खेचते. टर्बो निर्दोष असतो, पण आरोप त्याच्यावर येतो. तो बदलला जातो. मूळ कारण तसेच राहते. आणि नवा टर्बोही काही दिवसांत तेल टाकू लागतो. शेतमालाच्या पैशावर चालणाऱ्या घरात हा दुहेरी खर्च वर्षाचा हिशेब विस्कटून टाकतो.

(२४)
म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी इंजिन ऑइलची पातळी पाहावी. जास्त भरलेले तेल क्रँकच्या फटक्याने फेसाळते आणि ब्रीदरमधून वर चढते. मग एअर फिल्टर. मग ब्रीदरची नळी जेथे हवेच्या पाइपाला मिळते तो सांधा. त्या सांध्यापासून ओल सुरू होत असेल तर तेल क्रँककेसचे. तेथपासून टर्बोच्या तोंडापर्यंत पाइप कोरडा आणि टर्बोनंतरचा मात्र ओला असेल, तर संशय टर्बोवर. त्यानंतर दांड्याचा खुळखुळाट, ज्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात, आणि परतीची नळी तपासावी. पाना शेवटी उचलावा.

(२५)
या डागाला नव्या शतकात एक सोबतीही मिळाला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली २००१ मध्ये नेमलेल्या समितीने देशाच्या वाहन-इंधन धोरणाचा आराखडा दिला. त्यानंतर भारत स्टेजचे टप्पे कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झाले. नायट्रोजन ऑक्साइड घटवण्यासाठी डिझेल गाड्यांत थोडा धूर पुन्हा इनटेकमध्ये सोडला जातो. हीच ईजीआर व्यवस्था. ब्रीदरचे तेल आणि ईजीआरची काजळी एकत्र आली की डांबरासारखा लगदा होतो आणि मॅनिफोल्डची वाट अरुंद होत जाते.

(२६)
यावर एक देशी उपाय सर्रास केला जातो : ब्रीदरचा पाइप इनटेकमधून काढून खाली मोकळा सोडून देणे. हवेचा पाइप कोरडा राहतो, मालक खूश होतो. पण इतिहासाच्या दृष्टीने ती गाडी एका क्षणात १९५० च्या दशकात परत गेलेली असते. तेल पुन्हा रस्त्यावर, वायू पुन्हा हवेत, आणि आजार जिथल्या तिथे. केवळ त्याचे लक्षण दिसेनासे झालेले असते.

(२७)
आणि एक प्रसंग असा, जेथे हा डाग जिवावर बेततो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेत जळू शकेल असे काहीही ते जाळते. टर्बोतून किंवा ब्रीदरमधून तेल भरपूर येऊ लागले, किंवा इंटरकूलरमध्ये साचलेले तेल एकदम ओढले गेले, तर इंजिन स्वतःचेच तेल इंधन म्हणून पिऊ लागते. चावी बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला आता पंपाच्या डिझेलची गरजच उरलेली नसते. फेरे वाढत जातात आणि अखेर इंजिन फुटते.

(२८)
अशा वेळी त्याला थांबवण्याचे उपाय दोनच : हवा तोडणे, किंवा मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते कोंडणे. धावत्या इंजिनाच्या तोंडाशी उघडा हात कधीही नेऊ नये. ओढ हाताला इजा करते. गाडी थांबेना आणि धुराचे लोट उठू लागले, तर माणसांनी दूर जावे. म्हणूनच टर्बो बदलताना इंटरकूलर आणि त्याचे पाइप धुऊन कोरडे करणे हे कामाचे अंग आहे. ते गाळून खर्च वाचवण्यात धोका असतो.

(२९)
एकंदर हिशेब असा. शंभर वर्षांपूर्वी इंजिनाचा उच्छ्वास रस्त्यावर पडत होता. युद्धाने तो बंद नळीत घेतला, लॉस एंजेलिसच्या धुरक्याने तो कायमचा इनटेककडे वळवला, टर्बोने त्यात आपली भर घातली, आणि ईजीआरने त्याला काजळी दिली. आज पाइपात दिसणारा काळा थर हा या सगळ्या निर्णयांचा गाळ आहे. शहराची हवा थोडी स्वच्छ राहावी म्हणून इंजिनाने पत्करलेली ती किंमत आहे.

(३०)
रोहिणखेडचा घाट पूर्वी फौजांची ताकद जोखत असे. आता तो रिंगा, सील आणि ब्रीदर जोखतो. चढाला काय झाले, उताराला काय झाले, तेल कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, एवढे चार प्रश्न आधी विचारले तर बहुतेक इंजिने न उघडताच बोलतात. डाग पुसण्यापूर्वी तो वाचावा, एवढाच या इतिहासाचा सांगावा.

(धागा समाप्त)